दट्ट्या मागे ओढताना

प्रिय जावईबापू,

लग्नाच्या दिवसापासून मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणत आले, पण या पत्रापुरतं 'तू' म्हणणार आहे. विषयच तसा आहे. माझ्या मुलीच्या कमरेखाली सुई कुठे आणि कशी टोचायची हे सांगताना 'आपण जरा' आणि 'कृपया' करत बसले तर मला हसू येईल आणि तुझा हात चुकेल. पत्र वाचून झालं की हवं तर पुन्हा 'तुम्ही' सुरू करू.

तुझा निरोप मिळाला. तू बोलतोस कमी आणि लिहितोस त्याहून कमी. त्यामुळे फोनवर एवढा लांब मजकूर दिसला तेव्हा हातातलं काम टाकून मी चष्मा शोधू लागले. तो सापडेपर्यंत मनात नको नको ते येऊन गेलं. मग वाचलं, आणि खुर्चीत बसून आधी हसले, मग थोडी रडले. या खेपेला गर्भ धरलाय, तपासणी चांगली आली, आणि तिसरा महिना सरेपर्यंत रोज संध्याकाळी कमरेत तेलाचं इंजेक्शन द्यायचंय, हे वाचून रडू येणारच. आधीच्या दोन खेपा मी विसरलेले नाही. एकदा राहिलंच नाही, आणि एकदा राहिलं, तुम्ही दोघांनी मला कळवलं, आणि त्याच आठवड्यात रक्त दिसलं. त्यानंतर घंटीने फोनवर मला हवामान सांगितलं होतं. तिकडे ऊन किती आहे आणि वारा कुठून वाहतोय, एवढंच. रेडिओवर बोलून पोट भरणारी माझी मुलगी, पण त्या दिवशी तिला दुसरं काही बोलता आलं नाही.

आणि हसू आलं ते तुमच्या भांडणाचं. पहिल्या दिवशी क्लिनिकमधल्या मोठ्या सिस्टरने तुला शिकवलं, की सुई आत गेली की सिरिंजचा दट्ट्या जरासा मागे ओढायचा, रक्त येतंय का बघायचं, आणि मगच औषध सोडायचं. तू ते वहीत चित्र काढून घेतलंस. दुसऱ्या आठवड्यात धाकटी सिस्टर म्हणाली, हल्ली असं कुणी करत नाही, गरज नसते. घंटीने तेवढंच उचलून धरलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी एकाने ओढून बघायचं म्हणायचं आणि दुसरीने नाही म्हणायचं, आणि शेवटी तिने उशीत तोंड खुपसायचं. तू लिहितोस, 'आई, ओढून बघायचं की नाही एवढं सांगा. जमलं तर येऊन तुम्हीच द्या. आणि मी विचारलं हे तिला कळू देऊ नका.' एका निरोपात तीन मागण्या. तुझ्या वर्षभराच्या बोलण्यापेक्षा जास्त झालं हे.

आधी उत्तर देते, नाहीतर तू शेवटचं पान उघडून बसशील. तू लिफ्टची देखभाल करणारा माणूस. दोर धरेल की नाही हे आधी कळायला हवं, दोराचा इतिहास नंतर. तर निकाल असा, की तू बरोबर आहेस, आणि ती धाकटी सिस्टरही बरोबर आहे. हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. सासू राजकारण करतेय असं वाटेल. पण जरा दम धर.

नर्सिंगच्या कोर्सला आम्हाला शिकवलं होतं ते तुझ्या वहीतल्यासारखंच. सुई आत, दट्ट्या किंचित मागे, थांबा, बघा. लाल दिसलं तर सुई रक्तवाहिनीत शिरली. काढा, टाकून द्या, नव्याने भरा. नाही दिसलं तर सावकाश औषध द्या. आमच्या शिकवणाऱ्या बाई इतक्या कडक, की एखादीने दट्ट्या ओढला न ओढल्यासारखा केला तर तिला दिवसभर काचेच्या सिरिंजा उकळायला बसवायच्या. माझ्या हाताला ती सवय अशी लागली, की घरात तेलाची बाटली उघडतानासुद्धा मी आधी क्षणभर थांबायचे. पुढे नियम बदलले. दंडात किंवा बाळाच्या मांडीत लस देताना ओढून बघायचं नाही, असं आलं. तिथे मोठी वाहिनीच नसते, आणि ओढत बसलं की सुई आत हलते आणि जास्त दुखतं. मी काही ते सुखासुखी मानलं नाही. माझ्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी आता नव्या सिस्टरांना शिकवते, तिच्याशी मी इतके दिवस भांडले, की ती मला फोनवर 'बोला, आजचा मुद्दा काय' असंच म्हणायची. शेवटी तिने मला लसीकरणाच्या खोलीत नेऊन बसवलं. एक बाळ आलं, सुई गेली, सुई निघाली, आणि रडावं की न रडावं हे त्याचं ठरायच्या आत ते आईच्या खांद्यावर होतं. त्या मुलीने मला चहा पाजला आणि विषय काढला नाही, एवढी ती शहाणी आहे.

पण तुझ्या हातात लस नाही. तुझ्या हातात तेल आहे, आणि जागा दंड नाही, कंबर आहे. तिथे खोलवर मोठ्या वाहिन्या आहेत. तेल चुकून वाहिनीत गेलं तर खोकल्याची उबळ येते, श्वास लागतो. म्हणून तिथे अजून बरेच जण ओढून बघतात, आणि माझ्या हातात सिरिंज असती तर मीही बघितलं असतं. काही जण तिथेही नको म्हणतात. त्यांचं म्हणणं, लाल दिसलं नाही म्हणजे सगळं आलबेल आहे असं नाही, आणि जागा बरोबर निवडली तर भीती मुळातच कमी. तेही खोटं नाही. आयुष्यभर सुया टोचल्या, पण सिरिंजमध्ये रक्त बघितलं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. तेव्हा तू एक कर. तुमच्या डॉक्टरीणबाईंना सरळ विचार, की तेलाचं औषध आहे, कमरेत देतोय, ओढून बघू का. त्या म्हणतील तसं वाग. औषध त्यांनी दिलंय, शब्दही त्यांचाच. आणि त्या धाकट्या सिस्टरवर डाफरू नकोस. तिच्या हाताला लसीची सवय आहे, जशी माझ्या हाताला ओढायची होती.

बाकी बारीकसारीक गोष्टी सांगून ठेवते. बाटली आधी मुठीत धरून कोमट कर, थंड तेल घट्ट असतं आणि आत जाताना त्रास देतं. एक दिवस डावी बाजू, एक दिवस उजवी. पालथी पडल्यावर तिला पायांचे अंगठे आत वळवायला सांग, म्हणजे कंबर सैल पडेल. औषध अगदी हळू सोड. झाल्यावर कोमट फडक्याने शेक. आणि तोंडावर असा भाव आणू नकोस, जसा तू आमच्या इमारतीची लिफ्ट बघून आणला होतास. तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यानेच चढतात. गुडघे कुरकुरतात, पण लिफ्टचं नाव काढत नाहीत.

आता दुसरी मागणी. मी येणार नाही. रागावू नकोस. पिशवी भरायला मला वेळ लागत नाही, आणि गुडघा दुखतो हे कारण मी तुझ्यासमोर पुढे करणार नाही, कारण परवाच मी बाजारातून टरबूज उचलून आणलं. मी आले तर काय होईल ते मला ठाऊक आहे. माझा हात कापणार नाही, सगळं झटपट होईल, आणि तू दाराबाहेर उभा राहशील. रोज संध्याकाळी, सगळे महिने, दाराबाहेर. नको. तुझ्या हाताला सवय होऊ दे. याबाबतीत मी जे बोलते ते ऐकीव नाही, आणि आता ती गोष्ट तुला सांगायची वेळ आली आहे.

तुझे सासरे तुला थोडेच मिळाले. लग्नानंतर तुम्ही आलात तेव्हा तुम्ही दोघं खाली अंगणात त्यांची जुनी सायकल उलटी करून बसला होतात, आठवतं? दोन तास एक शब्द नाही. मी दोनदा डोकावून गेले, की बाबा हे दोघं जिवंत आहेत ना. संध्याकाळी मला म्हणाले, पोरगा चांगला आहे, खूप गप्पा झाल्या. असा तो माणूस. सायकलीचं दुकान, हात काळे, आणि तोंडात मिठाची गुळणी. लग्न ठरवताना मला वाटलं, हा लाजतोय, नंतर बोलेल. नंतर कसलं काय. मी दिवसभर वॉर्डात बडबड करून यायचे आणि घरी भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचे. भिंत मान हलवत नाही, हे हलवायचे, एवढाच फरक.

घंटीच्या आधी माझे दोन पोटातच गेले. हे तुला माहीत नाही, कारण घंटीलाही माहीत नाही. दोन्ही वेळा वॉर्डातल्या सगळ्यांना आधी कळलं होतं, आणि मग सगळ्यांनी समजूत घातली. समजूत घालणारी माणसं चांगलीच होती. पण बेडपॅन रिकामं करता करता कुणी येऊन पाठीवर हात ठेवला, की मला तो हात झटकून टाकावासा वाटायचा. तिसऱ्या खेपेला मी ठरवलं, या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. फक्त डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी दर आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं. असंच, तेलाचं, कमरेत. आता बघ पंचाईत. नर्स असून मला स्वतःच्या कमरेत मागून सुई टोचता येईना. आरशासमोर उभी राहून बघितलं, हात पोचतो तर सुई तिरकी. आणि मैत्रिणीला सांगावं तर दवंडीच. राहिला कोण, तर पंक्चर काढणारा माझा नवरा.

त्यांना मी सगळं समजावलं. सुई, दट्ट्या, ओढायचं, थांबायचं, बघायचं. मला वाटलं होतं घाबरतील, घाम फुटेल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, म्हणजे ट्यूब पाण्यात धरल्यासारखं. बुडबुडा येतो का बघायचं, मगच पुढे. मी हो म्हटलं. आमच्या बाईंनी वर्षभर शिकवलं त्यापेक्षा ते सोपं होतं. दट्ट्या तर त्यांच्या रोजच्या हातातला, पंपाला काय दुसरं असतं. सराव कशावर केला असेल सांग. दुकानात गिऱ्हाइकांच्या सायकली ठेवलेल्या असायच्या. त्यातल्या एकीच्या गुबगुबीत सीटमध्ये ते दुपारभर पाणी टोचत बसले. दंड नाही, कंबर आहे, म्हणून सीटच बरी, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी पोस्टातले कारकून आले आणि सायकल घेऊन गेले, आणि घरी पोचेपर्यंत त्यांच्या पँटची काय दशा झाली ते सगळ्या गल्लीने बघितलं. कारकून दुसऱ्या दिवशी तावातावाने आले. यांनी नेहमीप्रमाणे मान हलवली आणि फुकट नवी सीट बसवून दिली.

पहिलं इंजेक्शन झालं. दुखलं, पण ठीक. दुसऱ्या वेळी मात्र मी चिडले. सुई आत, दट्ट्या मागे, आणि हे गप्प. मी पालथी, मला काही दिसत नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येते. तो क्षण असा ताणला गेला, की मी उशीतूनच ओरडले, काय बघताय एवढं, द्या एकदाचं. त्यांनी दिलं, आणि ते सिरिंज धुवायला गेले. आणि तिसऱ्या आठवड्यात, दट्ट्या मागे ओढल्याबरोबर, माझा मुका नवरा बोलला. म्हणाला, आज शाळेतल्या मास्तरांच्या चाकात खिळा निघाला, तो त्यांच्याच बाकाचा होता. मला काही कळायच्या आत औषध आत गेलं होतं. मी उठून बसले आणि विचारलं, बाकाचा खिळा चाकात गेलाच कसा. तर हे म्हणाले, पुढच्या आठवड्यात सांगतो.

तेव्हापासून तसंच चाललं. दर आठवड्याला एका सायकलीची बातमी, सुई आत असेपर्यंत. दूधवाल्याची सायकल एका बाजूला का झुकते, कुणाच्या डबलसीटवर हल्ली कोण बसतं, कोणती ट्यूब ठिगळांनीच भरली आहे. बाकी आठवडाभर तेच मौन. पण त्या थोड्या क्षणांसाठी माणूस कुठून तरी शब्द जमवून आणायचा, हे मला दिसत होतं. दुकानातून येतानाच तोंडात घोळवत यायचे. पुढे पुढे तर मीच म्हणायचे, अजून जरा थांबा, नीट बघा, घाई कसली.

एकदा रक्त आलंच. तेही सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल म्हातारी गोड गोड लिहितेय. बातमी अर्ध्यावर थांबली तेव्हाच मला कळलं. काचेतल्या तेलात लाल धागा दिसत होता, असं नंतर म्हणाले. त्यांनी शिकवल्याप्रमाणे सुई काढली, कापूस दाबला, आणि मग भिंतीला टेकून खाली बसले. माझ्या नवऱ्याला मी त्या एकदाच पांढरं पडलेलं बघितलंय. मी उठून त्यांना पाणी दिलं. पुन्हा सिरिंज उकळली, दुसरी कुपी फोडली, दुसरी बाजू घेतली. दट्ट्या ओढला, आणि त्यांनी मघाची अर्धी राहिलेली बातमी जिथे सुटली होती तिथूनच पूर्ण केली. नंतर मला विचारलं, ओढून बघितलं नसतं तर काय झालं असतं. मी खरं ते सांगितलं. कदाचित काहीच नाही. कदाचित काहीतरी. ते म्हणाले, मग बघितलेलं बरं. मी आजही त्यावर यापेक्षा शहाणं काही सांगू शकत नाही.

आणि मग घंटी झाली. जन्मली ती बोंब ठोकतच. हे नाव त्यांनीच ठेवलं, म्हणाले सगळ्या दुकानात एवढ्या खणखणीत आवाजाची घंटी नाही. शाळेच्या दाखल्यावर काहीही असो, आमच्यासाठी ती घंटीच. तिला हे सगळं का नाही सांगितलं असं तू विचारशील. लपवलं नाही. ती चालायला लागली तेव्हा तिचे बाबा एवढंच म्हणाले होते, की तुझ्यासाठी आम्ही काय काय सोसलं हे पोरीला कधी ऐकवायचं नाही, पोरांच्या पाठीवर ते ओझं कशाला. ते मला पटलं. मग विषय निघाला नाही, आणि दिवस गेले.

आता तिसऱ्या मागणीबद्दल. तू म्हणालास, मी विचारलं हे तिला कळू देऊ नका. बरं. तुझा निरोप आला त्याच्या आदल्याच दिवशी मला तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिनेही हेच विचारलं. 'आई, तू त्याला सांग ना, ओढून बघायची गरज नसते म्हणून. तुझं तो ऐकेल.' आणि तिनेही शपथ घातली, की मी फोन केला हे त्याला कळता कामा नये. म्हणजे मला एकाच वेळी दोघांची वकील व्हायचं होतं, तेही चोरून. मी दोघांचीही शपथ मोडते आहे. पाप लागायचं ते मला लागू दे, या वयात माझं काय वाकडं होणार.

मी तिला विचारलं, दुखतं का गं ओढताना. तिला वाटलं असतं तर हो म्हणून मोकळी झाली असती आणि मीही तुला तसंच कळवलं असतं. पण ती नाही म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या मुलीची ओळख तुला सांगायला नको. रेडिओवर एवढीशी शांतता पडली तर ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं, असं ती नेहमी म्हणते. मग ती म्हणाली, 'आई, दिवसभर मी तेच करते. दर वेळी बाथरूममध्ये जाऊन आधी बघते, रक्त आहे का. ऑफिसात, घरी, सगळीकडे. आणि संध्याकाळी पालथी पडले की तोही तेच बघत असतो. श्वास रोखून. मला त्याचा श्वास ऐकू येत नाही, तेव्हा मला वाटतं दिसलं.' आणि मग म्हणाली, आपल्या घरात कुणाला असं झालं नाही, माझंच शरीर असं कसं.

ते शेवटचं वाक्य ऐकून सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तुझ्या आजीचं माहीत नाही, पण तुझ्या आईचं असंच होतं, आणि तू त्याच तेलावर वाढलीस, हे सांगायला मला एक श्वास पुरला असता. पण सांगितलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर ती रडली असती, इकडे मी रडले असते, आणि तू दारात उभा राहून कुणाला काय झालं ते बघत बसला असतास. मी म्हटलं, विचार करून कळवते.

विचार करून हे कळवते आहे. तुमचं भांडण दट्ट्याचं नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ओढ तर ओढ, नको म्हणाल्या तर ओढू नकोस. तेल हळूच सोडावं लागतं, त्यामुळे तेवढा वेळ तुला दोन्हीकडून मिळणारच आहे. त्या वेळात फक्त गप्प राहू नकोस. तुला ते अवघड आहे हे मला ठाऊक आहे, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस आला तर तू मजल्यांचे आकडे वाचत बसणारा. ऐन वेळी काय बोलावं हे तुला सुचणार नाही, आणि घाबरून तू हवामान सांगशील. म्हणून तर मी फोन न करता हे पत्र लिहिलं, आणि म्हणून तर एवढं पाल्हाळ लावलं. हे तुझ्यासाठी कमी आणि तिच्यासाठी जास्त आहे. रोज संध्याकाळी यातलं एक वाक्य घे. हातात पत्र धरून वाचू नकोस, दोन्ही हात सुईला लागतात, आधी पाठ कर. सुरुवात कारकुनाच्या पँटपासून कर, ती हसेल. हसताना मात्र हलू देऊ नकोस. ती विचारेल, हे तुला कुणी सांगितलं, पुढे काय झालं. तू म्हण, उद्या सांगतो. तिच्या आधी गेलेल्या दोघांचं वाक्य कोणत्या दिवशी घ्यायचं ते तूच ठरव. तेवढं तुला कळेल, तू चाचणी घेतल्याशिवाय दार उघडणारा माणूस नाहीस. ती स्वतः कशी आली ते मात्र लवकर सांग. वाक्यं कमी पडतील असं वाटलं तर मधे मधे तुझ्या लिफ्टांच्या बातम्या घाल. माझ्या हिशेबाने पत्र संपेल त्याच सुमाराला इंजेक्शनंही संपतील. मग उरलेले महिने निघतील, आणि तेव्हा मात्र मी पिशवी भरून येईन, बोलावलंस तरी आणि नाही बोलावलंस तरी. बाळाला पहिली लस टोचताना पाय धरायला घरातलं कुणीतरी लागतं, तो पाय मी धरेन. तिथे ओढून बघायचं नसतं. सुई जाते आणि निघते, आणि ते खणखणीत रडतं.

तुझीच,
तुझ्या बायकोची आई, आणि आता तू म्हणशील तर तुझीही